चीक लागू नये म्हणून

माय पडली तेव्हा आबांच्या मनगटावरचं घड्याळ हिरवं होतं. हिरवं म्हणजे सगळं ठीक. धुळ्याला माझ्या मोबाईलवर हिरवं, सुरतेला कुंदनच्या मोबाईलवर हिरवं. आम्ही दोघं भावंडं त्या हिरव्याकडे बघून महिनाभर सुखानं झोपलो.

घड्याळ कुंदननं आणलं होतं, गेल्या दिवाळीला. तो माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा, सुरतेला कंपनीत आहे. आमचे मोठे काका दोन वर्षांपूर्वी शेतातच छातीत कळ येऊन गेले, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच: आता आबांना जपायचं. ओसरीवर बसून त्यानं ते काळं घड्याळ आबांच्या मनगटावर बांधलं. रक्त काढायला द्यावा तसा आबांनी हात लांब धरला होता.

"हे नुसती वेळ सांगत नाही, आबा. हे माणसाला शिकतं. पंधरा दिवसांत तुमची चाल, तुमची झोप, छातीचे ठोके सगळं शिकून घेईल. मग जरा काही वेगळं झालं की लगेच मला नि दिपाला कळवेल."

"मंग तुनी मायले इचार ना," आबा म्हणाले. "तिनी माले चाळीस वरीसमा बठ्ठं शिकी लिधं शे."

माय दारात उभी होती, माझ्या तीन महिन्यांच्या बाळीला खांद्यावर टाकून. ती इतकी हसली की बाळी दचकली.

आमचं गाव धरणगावच्या पुढे, तापीच्या अंगाला. दोन एकर केळी, थोडा कापूस, एक म्हैस. ज्यानं केळीत काम केलंय त्याला चीक काय ते सांगायला नको. पान छाटा, बुंध्याशेजारी फुटलेलं पील काढा, घड कापा, बुंध्यातून पाण्यासारखा रस गळतो आणि वाळला की काळा पडतो. कपड्यावर पडला तर कपडा जुना होऊन फाटतो, पण डाग जात नाही. आबांचे शेतातले सदरे सगळे तसेच, चिकानं चितारलेले.

एवढं महागाचं घड्याळ आबा चिकात कसं घालणार? पहिल्याच कापणीला त्यांनी ते काढलं आणि कोनाड्यात ठेवलं. तासाभरात सुरतेहून फोन आला. 'घड्याळ हातात नाही' असं त्याच्या मोबाईलवर आलं होतं. कुंदन आबांवर असा ओरडला की शेजारच्या बांधावर ऐकू गेलं. आबांनी मायकडे बघितलं, घड्याळ तिच्यापुढे धरलं.

"कुंदननी माय, तूच लाव मन्ही हजेरी."

आणि मायनं ते आपल्या मनगटावर बांधलं. बांगड्यांच्या मागे सारून, वरून पदर ओढून. त्या दिवसापासून हीच रीत पडली. चिकाचं काम निघालं की घड्याळ मायकडे, काम संपलं की आबा हातपाय धुणार आणि परत आपल्या हातात घालणार. कुंदनला नाही सांगितलं, मलाही नाही. आम्हाला कळलं ते फार उशिरा.

फसवायचं म्हणून केलं नव्हतं त्यांनी. घड्याळात नाव आबांचं होतं. कुंदननं ओसरीवर बसून सगळ्यांसमोर भरलं होतं: जीवराम, वय एकसष्ट. आमच्या घरात सातबारा आबांच्या नावावर, रेशनकार्ड त्यांच्या नावावर, विजेचं बिल त्यांच्या नावावर. रेशन आणायला माय गेली म्हणून ते मायचं झालं, असं कधी झालं नाही. तसंच हे. हात कोणाचा का असेना, खबर जीवरामचीच जाणार, असं दोघांनी अगदी सरळ मनानं धरलं. आणि तिकडे ते घड्याळ रोज शिकत होतं. पंधरा दिवसांत त्यानं जो माणूस शिकून घेतला तो कुठेच नव्हता. थोडे आबा, थोडी माय.

पहिली खबर आली ती माघ महिन्यात. मी बाळीला न्हाऊ घालत होते. तेलाच्या हातानं मोबाईल उचलला. 'जीवराम यांच्या हृदयाचे ठोके अनियमित आढळले. कृपया डॉक्टरांचा सल्ला घ्या.' बाळीला तशीच पंच्यात गुंडाळली आणि मायला फोन लावला.

"माय, आबा कुठे?"

"हाई काय, घड वाही ऱ्हायना. ट्रक उभा शे ना. काय व्हयनं?"

"त्यांना खाली बसव! आत्ताच्या आत्ता! घड्याळात आलंय, त्यांचे ठोके बिघडलेत."

"ओ माय!" एवढंच ऐकू आलं. मग फोन हातात धरून ती पळाली. मला तिचा श्वास ऐकू येत होता, केळीची पानं अंगावर घासल्याचा आवाज ऐकू येत होता, आणि ती ओरडत होती, "बठा! पयले खाले बठा!" डोक्यावर चुंबळ आणि घड घेतलेल्या आबांना तिनं तिथेच, सरीत बसवलं. पाणी पाजलं. आणि घड्याळ तेव्हा तिच्या हातात होतं.

ते पळणं मी रोज ऐकते. बाळी मांडीवर असते, कुकरची शिट्टी होत असते, आणि मधेच ऐकू येतं.

त्यानंतर पंधरा दिवसांत आणखी चार वेळा तसंच आलं. दर वेळी दिवसा, दर वेळी काम चालू असताना. मी आणि कुंदननं त्यावरून अक्कल लढवली की आबांना श्रम झेपत नाहीत. त्याच दिवसांत कधीतरी फोनवर माय म्हणाली होती, अगदी जाता जाता, भाजी काय केली हे सांगता सांगता:

"मन्ही बी छातीमा फडफड करस व कधी कधी. चिडी कोंडेल शे असं वाटस."

"गॅस असेल, माय. तू उपाशीपोटी चहा पितेस किती. तो कमी कर आधी. आबांनी आज बीपीची गोळी घेतली का?"

"लिधी, लिधी," ती म्हणाली. आणि चहा कमी केला म्हणे तिनं. शेजारच्या इंदिराकाकू सांगत होत्या.

फाल्गुनात दोघांना धुळ्याला आमच्याकडे बोलावून घेतलं. सकाळच्या गाडीनं पारोळ्यावरून आले. हृदयाच्या डॉक्टरांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. माझे यजमान स्वप्नील आणि सुरतेहून आलेला कुंदन आबांना दोन्ही बाजूंनी धरून वर घेऊन गेले. आबा लाजत होते. "अरे, मी काय नवरदेव शे का?" मी बाळीला घेऊन मागे, आणि माझ्या मागे माय, डब्याची पिशवी घेऊन. जिन्यात ती दोनदा थांबली. कठड्याला धरून, तोंड उघडं ठेवून. मी म्हटलं, पिशवी जड झाली असेल. वरून परत आले आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.

पिशवीच तेवढी घेतली.

आबांच्या छातीला वायरी लावल्या, पट्ट्यावर चालवलं, चोवीस तासांचं मशीन बांधून घरी पाठवलं. सगळं चांगलं निघालं. डॉक्टरांनी मोबाईलवरच्या खबरा बघितल्या. "त्या वेळी काय करत होतात?" त्यांनी विचारलं. आबा म्हणाले, "केळी कापत होतो." खोटं काय होतं त्यात? डॉक्टर म्हणाले, ही मशीनं कधी कधी चुकतात, पण काही त्रास असे असतात की येतात-जातात, आपण तपासतो तेव्हा सापडत नाहीत. वजन उचलणं बंद करा, उन्हात कष्ट नको, दोन महिने आराम करा, मग पुन्हा बघू.

माय बाहेर बाकड्यावर बाळीला मांडीवर घेऊन बसली होती. मी बाहेर आले तर तिनं आधी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"घाबरायचं कारण नाही. आराम करायला सांगितलाय फक्त. त्यांना काही उचलू द्यायचं नाही, माय. चारा नाही, पाणी नाही, फवारणीचा पंप नाही. ऐकतेस ना?"

"नहीं उचलू देस. मी शे ना."

तिच्या मनगटावर बांगड्यांच्या मागे एक फिकट पट्टा उमटला होता, उन्हानं न रापलेला. दिसला मला. कसला, म्हणून विचारलं नाही. बाळी रडायला लागली होती.

मग आबांची कामं मायकडे आली. म्हशीला हौदावरून पाणी, चाऱ्याचा भारा, पील काढणं, ठिबकच्या नळ्या ओढणं. मजूर मिळाला तर मिळाला, नाहीतर तीच. आबा ओसरीवर बसून असत. चिकाचा प्रश्न उरला नव्हता, तेव्हा घड्याळ दिवसरात्र त्यांच्याच हातात. आणि खबरा थांबल्या! एकदम थांबल्या. महिना झाला तेव्हा मोबाईलवर आलं: 'अभिनंदन, जीवराम! तुमच्या हृदयाचे आरोग्य सुधारले आहे.' मी त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, खाली गुलाबाची फुलं. कुंदननं टाळ्या पाठवल्या. मायला मोबाईलवर वाचता येत नाही, म्हणून मी फोन करून वाचून दाखवलं.

"देख," ती म्हणाली. "मी म्हनं व्हतं ना, बठीसन ऱ्हायना का बरा व्हतीन." आवाजात थकवा होता, पण किती आनंदी होती!

अर्धा चैत्र सरला तेव्हा एका सकाळी, साडेआठ-नऊच्या सुमाराला, ती म्हशीपुढे पडली. बादली हातातच होती. आबा ओसरीवरून धावले, त्यांनी उचललं तिला. तोंड एका बाजूला गेलं होतं आणि उजवा हात हलत नव्हता. धरणगावला नेलं, तिथून जळगावला. मी पोचले तोवर दुपार झाली होती. तिनं मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. बाळीला तिच्यापुढे धरलं तेव्हा डाव्या हाताचा अंगठा जरासा हलला, पाळण्याची दोरी धरल्यासारखा.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला आत बोलावलं. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठ्या असतील. "मेंदूत रक्ताची गुठळी गेली आहे. यांच्या हृदयाचे ठोके फार अनियमित आहेत. असं असलं की अशा गुठळ्या होतात. वेळेवर रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या तर..." त्या थांबल्या. "आधी कधी लक्षात आलं नाही? धडधड, दम लागणं? काही खबर नाही?"

"नाही," मी म्हटलं. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

बाहेर आले. इंदिराकाकू, आमच्या शेजारीण, मायबरोबर शेतात जाणाऱ्या, भिंतीशी बसून पदरानं डोळे पुसत होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले आणि डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. काकूंना फारसं कळलं नाही. त्या आपल्याच नादात बोलत राहिल्या.

"कशी व्हती व ती! कापनीले घडी घालीसन येये, वऱ्हून पदर. आम्ही तिले मास्तरीण म्हनूत. मास्तरीण उनी, शाळा भरनी. ती म्हने, हसा, हसा, मन्हा धनीनी हजेरी लावस मी."

"कसली घडी, काकू?"

"तीच ना, कुंदननी लयेल. तुना बापले चीक लागस म्हनीसन तीच घाले."

मी मोबाईल काढला. पाच खबरा, पाच तारखा. एकेक काकूंना सांगितली. हा दिवस? कापणी. हा? पील काढलं. हा? कापणी, ट्रक उशिरा आला होता. पाचही. काकू बोटं मोजत होत्या आणि मला समोरची भिंत दिसेनाशी झाली.

खबर आली होती. पाच वेळा, वेळेवर, माझ्या हातात. आम्ही आबांना बसवलं आणि त्यांचं ओझं उचलून तिच्या डोक्यावर ठेवलं.

तिसऱ्या दिवशी माय गेली.

कुंदनला मी दहाव्यानंतर सांगितलं, घरामागे, उकिरड्याजवळ. तो आधी चिडला, आबांवर, मायवर, घड्याळावर. मग तिथेच उकिडवा बसला. "मी ओरडलो नसतो तर त्यांनी ते कोनाड्यात ठेवलं असतं," म्हणाला. मी म्हटलं, "कोनाड्यात ठेवलं असतं तर काहीच कळलं नसतं." कळून तरी काय उपयोग झाला, असं दोघांच्याही मनात आलं. एक मात्र ठरवलं. आबांना सांगायचं नाही. त्यांना जगायचंय अजून. तिच्याच ठोक्यांसाठी आपण आराम केला आणि आपल्या आरामानं तिला मारलं, हे घेऊन माणूस कसा जगेल? मी कुंदनकडून शब्द घेतला. इंदिराकाकूंनाही बोलू नका म्हणून सांगितलं.

अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, मी बाळीला घेऊन माहेरी गेले. सासुरवाशिणी येतात या सणाला, म्हणून गेले. गल्लीत झोके बांधले होते, पोरी गाणी म्हणत होत्या. आमच्या ओसरीवर आबा एकटे. म्हशीला पाणी त्यांनीच पाजलं होतं, धोतराचा सोगा ओला होता. मनगट रिकामं.

जेवणं झाल्यावर दुपारी ते म्हणाले, "दिपा, तुना मोबाईलमा माघ महिना निंघस का?"

"कशाला, आबा?"

"काढ तं."

नाही म्हणता आलं नाही. त्यांच्याशेजारी बसून मी माघ महिना काढला. एकेका दिवसाची एकेक रेघ असते, ठोक्यांची. वर-खाली जाणारी, लाल. आबांनी चष्मा लावला. बाळी त्यांच्या पायाशी रांगत होती. तिला एका हातानं धरून दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी रेघेवर ठेवलं.

"हाई मन्ही. सकायनी. चहा पिधा, दूध घाली उनू." बोट पुढे सरकलं. रेघ एकदम दातेरी झाली, करवतीसारखी. "हाई तिनी."

मी बोटांनी रेघ मोठी केली.

"दुसरा दिन काढ."

मी काढला. त्यांना सगळे दिवस पाठ होते. कोणत्या दिवशी किती घड निघाले, ट्रक किती वाजता आला, तिनं डब्यात काय आणलं होतं. घड्याळ कधी तिच्या हातात गेलं आणि कधी परत आलं, ते रेघ बघून सांगत होते, आणि एकदाही चुकले नाहीत. हाई मन्ही. हाई तिनी. हाई तिनी. मला वाटलं, ते बोट नाही, हात फिरवताहेत.

एका ठिकाणी थांबले. रेघ तिथे फार विस्कटली होती.

"आठे ती माले म्हने, जरासा बठूत. मी म्हनं, ट्रक उभा शे."

"आबा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोन सांगी? जळगावले ती डॉक्टरीणबाई तुले सांगे तवय मी दारमाच व्हतू." चष्मा काढून त्यांनी धोतरानं पुसला, परत लावला. "तू माले सांगाव नही, हाई बी माले माहीत व्हतं. फुडला महिना काढ."

"राहू द्या ना, आबा."

"काढ, बेटा."

फाल्गुन काढला. धुळ्याहून परत आल्यानंतरचे दिवस. रेघ सरळ. दुसरा दिवस सरळ, तिसरा सरळ. तिच्या रेघा संपल्या होत्या. पाणी भरतानाच्या, भारा उचलतानाच्या, कुठेच नव्हत्या. आबा एकेक दिवस माझ्याकडून पुढे सरकवून घेत होते. चैत्र आला. ती पडली त्या सकाळपर्यंत आलो. साडेआठ, पावणेनऊ. रेघ शांत, ओसरीवर बसलेल्या माणसाची असते तशी.

"आते हाई बठ्ठं मन्हं," आबा म्हणाले. "देख, कितलं सरळ शे. मी बठेल व्हतू."

बाहेर पोरींचं गाणं चालू होतं. बाळीनं त्यांचं धोतर धरून उभं राहायचा प्रयत्न केला, पडली, परत धरलं. आबांचं बोट त्या सरळ रेघेवरच होतं. मोबाईल थोड्या थोड्या वेळानं विझत होता, आणि ते बोटानं त्याला परत जागा करत होते.